जाळीतून आलेले ऊन

जपानी चित्रकार हिरोशी योशिदांचे फत्तेपूर सीक्रीच्या खिडकीचे चित्र पाहताना नजर आधी उजेडावर जाते, माणसांवर नंतर. समोर भौमितिक नक्षीची दगडी जाळी, तिच्यापलीकडे बाहेरचे ऊन, अलीकडे जमिनीवर बसलेली दोन माणसे. ती कोण, काय बोलताहेत, याच्याशी चित्रकाराला फारसे कर्तव्य नाही. जाळीतून ऊन आत येते, फरशीवर पसरते आणि खोलीतला अंधारसुद्धा पिवळसर करून टाकते. 1931 सालचे हे छापचित्र लाकडी ठशांवरून काढलेले आहे, हे मुद्दाम सांगावे लागते. पाहणाऱ्याला ते जलरंगातले वाटते.

जलरंगात उजेड दाखवायचा तर कागद कोरा सोडता येतो, ओल्या रंगात रंग मिसळू देता येतो. लाकडी ठशात अशी सवलत नाही. ठशाचा जो भाग उंच राहतो तोच छापला जातो. जिथे रंग नको तिथले लाकूड काढून टाकावे लागते. म्हणजे या खिडकीच्या गडद रंगाच्या ठशात जाळीचे एकेक भोक कोरून रिकामे करावे लागले असणार. मोगल काळातल्या पाथरवटाने दगड काढला आणि तिथून ऊन आले. टोकियोतल्या कोरक्याने लाकूड काढले आणि त्याच जागेतून ऊन आले. विषय आणि तंत्र इतके एकजीव झालेले चित्र मी दुसरे पाहिलेले नाही. योशिदांनी हे ठरवून केले की नाही कोण जाणे. पण त्यांच्या ताजमहालाच्या चित्रांपेक्षा त्यांची ही खिडकी मला मोठी वाटते ती याच कारणाने.

उरलेली करामत छापण्यात आहे. एका रंगाला एक ठसा, मग दुसरा. दर वेळी कागद खुणेवर नेमका बसवायचा, पाठीमागून बांबूच्या सालीच्या चकतीने, म्हणजे बारेनने, घासायचा. ठशावरचा ओला रंग एका कडेला पुसून फिका करत नेला की आकाश वरून खाली विरत जाते. याला जपानीत बोकाशी म्हणतात. जुन्या जपानी छापचित्रांत, म्हणजे उकियो-एमध्ये, दहा-पंधरा वेळा छापून काम भागे. योशिदांच्या चित्रांना तीस-तीस छपाया लागत. निक्कोच्या योमेइमोन दरवाजाच्या 1937 सालच्या चित्राला तर 96 लागल्या. राखाडी रंगावर राखाडी रंग चढत जातो, तेव्हा कुठे सावलीला वजन येते.

ही चिकाटी त्यांच्याकडे उशिरा आली. 1876 साली कुरुमे इथे जन्मलेल्या या माणसाने पाश्चात्त्य पद्धतीची चित्रकला शिकून घेतली आणि 1899 साली मित्राबरोबर थेट अमेरिका गाठली. डेट्रॉइट आणि बोस्टनमध्ये त्यांची जलरंगचित्रे खपली. त्याच पैशांवर पुढे युरोप पाहिला. छापचित्रांकडे ते वळले 1920 साली, प्रकाशक वातानाबे शोझाबुरो यांच्यासाठी. तीनच वर्षांनी कांतोचा भूकंप आणि आग यांत ते ठसे गेले. पुन्हा अमेरिकेला गेल्यावर त्यांना दिसले की तिथला रसिक जपानी छापचित्रे हौसेने विकत घेतो, बरी-वाईट पारख न करता. 1925 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. जुन्या रीतीत चित्रकार रेखाटन देऊन मोकळा होई. पुढचे काम कोरणारा, छापणारा आणि प्रकाशक यांचे. योशिदा कोरक्याच्या आणि छापणाऱ्याच्या डोक्यावर उभे राहिले. प्रकाशक तेच, मुकादम तेच. पहिल्याच वर्षी ग्रँड कॅन्यन, मॅटरहॉर्न, स्फिंक्स अशी परदेशी दृश्ये निघाली. स्फिंक्स तर दोनदा, दिवसाचा आणि रात्रीचा, ठसे तेच ठेवून. फक्त रंग बदलायचे, की प्रहर बदलतो.

मोठा मुलगा तोशी याला घेऊन ते 1930 च्या अखेरीस हिंदुस्थानात आले आणि 1931 च्या सुरुवातीला परतले. कांचनगंगा, बनारसचा घाट, अमृतसरचे सुवर्णमंदिर, उदयपूर, सांची, मदुरा. ताजमहाल त्यांनी एकदा काढून सोडला नाही. सकाळच्या धुक्यातला, चांदण्यातला, असा पुन्हा पुन्हा काढला. ही सगळी चित्रे हिवाळ्यातली आहेत, हे लक्षात ठेवायला हवे. आमच्या धनज गावी किंवा एकूण वऱ्हाडातच ते वैशाखात उतरले असते, तर दुपारच्या उन्हाने त्यांच्या तीस छपायांचे सगळे रंग पांढरे करून टाकले असते. त्यांना भेटला तो आपला सौम्य उजेड.

महाराष्ट्रातून त्यांनी अजिंठा आणि वेरूळ नेले. वाशीमकराला यात थोडा आपलेपणा वाटायला हरकत नाही: वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म, आणि तिथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे 16 क्रमांकाचे लेणे दान दिले. जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भिंती वर्षानुवर्षे उतरवून घेतल्या. योशिदांच्या आधी आराई काम्पो हे जपानी चित्रकारही त्याच कामासाठी येऊन गेले होते. या दोघांना भिंतीवरची चित्रे हवी होती. योशिदांचा प्रश्न निराळा. लेण्यात उजेड येतो तो एकाच बाजूने, दारातून, आणि आत जाता जाता संपत जातो. बोकाशी करणाऱ्या हाताला याहून अवघड आणि याहून मोहक जागा कुठली मिळणार?

पण एक गोष्ट खटकते, ती लिहिली पाहिजे. 1930 हे मिठाच्या सत्याग्रहाचे साल. वाशीमशेजारच्या पुसदला त्याच वर्षी जुलैत लोकनायक अणे यांनी जंगलचा कायदा मोडला होता. योशिदा या देशात उतरले तेव्हा गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. सुटले ते जानेवारी 1931 मध्ये. या मालिकेत गारुडी आहेत, फेटेवाले आहेत, पण त्या खवळलेल्या सालाची खूण कुठेच नाही. परदेशी गिऱ्हाइकाला हवा तो शांत, पुरातन देश त्यांनी दिला. सीक्रीच्या खिडकीशी बसलेली ती दोन माणसे कदाचित मीठ-कायद्याविषयीच बोलत असतील; चित्राने त्यांना गप्प बसवले आहे. चित्र त्यामुळे खोटे ठरत नाही, पण एकाच बाजूने उजळलेले मात्र राहते.

योशिदा 1950 साली वारले. कारखाना घरच्यांनी चालवला, तोशी स्वतः नावाजलेला मुद्राचित्रकार झाला, आणि जुन्या ठशांवरून पुढेही प्रती निघत राहिल्या. म्हणून जाणकार आधी चित्राचा समास तपासतात. तिथे ‘जिझुरी’ ही दोन अक्षरांची खूण असेल, तर ती प्रत खुद्द योशिदांच्या नजरेखाली छापलेली.