हनुवटी की वाव? : स्नूकरच्या क्यूच्या लांबीविषयीच्या रूढ निकषाची चिकित्सा

प्रास्ताविक

स्नूकर या खेळाचा जन्म भारतात झाला. १८७५ साली जबलपूर येथील ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात नेव्हिल चेंबरलेन या अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडूंची भर घालून हा खेळ सुरू केला, आणि उटीच्या क्लबात त्याचे नियम स्थिरावले. महाराष्ट्राचाही क्यू-क्रीडांशी जुना संबंध आहे. १९२२ साली पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्ता येथे हौशी बिलियर्ड्सचे जागतिक अजिंक्यपद मिळविले आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये ते पुन्हा संपादन केले. पुण्यातच जन्मलेल्या पंकज अडवाणी यांनी २००३ मध्ये चीनमध्ये हौशी स्नूकरचे जागतिक विजेतेपद पटकाविले, तर मुंबईच्या आदित्य मेहता यांनी २०१३ च्या जागतिक क्रीडा स्पर्धेत स्नूकरचे सुवर्णपदक मिळविले.

खेळ येथे जन्मला असला, तरी त्याच्या साधनांची मापे ब्रिटनमधील कारखान्यांत ठरली. बाजारात मिळणारी पूर्ण आकाराची क्यू साधारणतः ५७ ते ५८ इंच, म्हणजे सुमारे १४५ ते १४७ सेंटिमीटर लांब असते. ही लांबी खेळाडूच्या शरीराला आणि खेळण्याच्या पद्धतीला अनुरूप आहे किंवा नाही, हा प्रश्न महाविद्यालयीन जिमखान्यात क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात या संदर्भातील रूढ निकषाची चिकित्सा केली असून, रायगडच्या किनारपट्टीवरील परिस्थितीच्या अनुषंगाने काही व्यवहार्य सूचना मांडल्या आहेत.

रूढ निकष आणि त्यामागील गृहीतक

खेळाच्या नियमांनी क्यूच्या लांबीला केवळ किमान मर्यादा घातली आहे. क्यू ३ फुटांपेक्षा, म्हणजे ९१४ मिलिमीटरपेक्षा आखूड असू नये आणि तिचा पारंपरिक निमुळता आकार बदललेला असू नये, एवढेच बंधन आहे. कमाल लांबीविषयी नियम मौन पाळतात. हे मौन भरून काढण्याचे काम एका सोप्या आडाख्याने केले आहे. क्यू जमिनीवर उभी धरावी. तिचे टोक खेळाडूच्या हनुवटीपर्यंत पोहोचले की लांबी योग्य समजावी. काही जण हनुवटीऐवजी खांदा प्रमाण मानतात.

या आडाख्यात एक गृहीतक दडलेले आहे. ते असे की, उभ्या माणसाची उंची हे त्याच्या खेळण्याच्या स्थितीचे विश्वसनीय माप होय. प्रत्यक्षात स्नूकर उभ्याने खेळला जात नाही. टेबलाची उंची जमिनीपासून कुशनच्या माथ्यापर्यंत ८५१ ते ८७६ मिलिमीटर इतकी निश्चित असते. त्यावर खेळाडू कमरेतून वाकतो, एक हात पुढे टेकवून क्यूला आधार देतो, ज्याला ब्रिज म्हणतात, आणि दुसऱ्या हाताने क्यूचा मागचा भाग धरतो. या स्थितीत क्यूचा संबंध हनुवटीच्या जमिनीपासूनच्या उंचीशी फारसा उरत नाही. तो दोन हातांमधील अंतराशी जोडला जातो.

रायगडच्या किनाऱ्यावर या बाबतीत अधिक समर्पक असे एक जुने माप प्रचलित आहे. दोन्ही हात पसरल्यावर एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत जे अंतर भरते त्याला 'वाव' म्हणतात. दोराची लांबी आणि पाण्याची खोली कोळी बांधव या मापाने सांगत आले. दोर हातांनी ओढावयाचा असतो, म्हणून तो हातांनी मोजला जातो. होडीचे वल्हेही वल्हवणाऱ्याच्या हनुवटीला लावून कुणी ठरवीत नाही. होडीचा काठ पाण्यापासून किती उंच आहे आणि वल्हवणारा कोठे बसतो, यांवरून ते ठरते. साधनाचे माप कामाच्या स्थितीत घ्यावे, हा या व्यवहारामागील विचार क्यूलाही लागू पडतो.

लांबीची तीन अंगे

चेंडूला स्पर्श होण्याच्या क्षणी क्यूची एकूण लांबी तीन भागांत विभागलेली असते : टोकापासून ब्रिजपर्यंतचा भाग, ब्रिजपासून मागच्या हाताच्या पकडीपर्यंतचा भाग आणि पकडीच्या मागे उरणारा भाग. पहिला भाग बहुतेक खेळाडूंच्या बाबतीत २२ ते ३० सेंटिमीटरच्या दरम्यान असतो. दुसरा भाग शरीराची ठेवण आणि तंत्र मिळून ठरवितात. तिसरा भाग म्हणजे बाकी होय. रूढ निकषाची चूक अशी की, तो बेरीज आधी ठरवितो आणि तिन्ही अंगांना तिच्यात बसावयास लावतो.

दुसऱ्या भागासाठी एक कसोटी प्रशिक्षकांमध्ये बऱ्याच अंशी मान्य आहे. टोक चेंडूला भिडते त्या क्षणी मागच्या हाताचा कोपराखालचा भाग लंबरूप असावा. असे असता हात लंबकाप्रमाणे झुलतो आणि आघाताच्या वेळी क्यू सरळ रेषेत व जवळजवळ आडवी राहते.

समजा, १६५ सेंटिमीटर उंचीचे दोन विद्यार्थी आहेत. पहिल्याची वाव १६० सेंटिमीटर असून तो पुढचा हात कोपरात वाकवून ठेवतो. दुसऱ्याची वाव १७२ सेंटिमीटर असून त्याचा पुढचा हात जवळजवळ सरळ असतो. टोकापासून ब्रिजपर्यंतचे अंतर दोघांचेही २५ सेंटिमीटर धरू. कोपराखालचा हात लंबरूप ठेवता पहिल्याच्या ब्रिजपासून पकडीच्या मध्यापर्यंतचे अंतर ९२, तर दुसऱ्याचे १०४ सेंटिमीटर भरते असे मानू. १४७ सेंटिमीटरच्या क्यूवर पकडीच्या मध्यामागे पहिल्याकडे ३० आणि दुसऱ्याकडे १८ सेंटिमीटर लाकूड उरेल. हनुवटीचा निकष मात्र दोघांनाही सुमारे १४३ सेंटिमीटरची एकच क्यू देईल. दुसऱ्याला ती साधेल. पहिल्याला ती साधणार नाही, आणि दोष क्यूचा असूनही तो त्याच्या तंत्राच्या नावे लिहिला जाईल.

अयोग्य लांबीचे परिणाम

क्यूचा तोल सामान्यतः मागच्या टोकापासून १६ ते १८ इंचांवर, म्हणजे ४० ते ४६ सेंटिमीटरवर असतो. पहिला विद्यार्थी आपल्या योग्य जागी पकड घेईल, तर त्याची मूठ तोलबिंदूच्या फार जवळ येईल. ब्रिजवर पडणारे वजन कमी होईल, टोक अस्थिर वाटेल आणि ते सावरण्यासाठी मूठ घट्ट आवळली जाईल. घट्ट मूठ हा सुरळीत फटक्याचा शत्रू होय.

बहुतेक विद्यार्थी मात्र दुसराच मार्ग पत्करतात. इतरांप्रमाणे क्यूच्या शेवटाजवळ पकड घ्यावयाची म्हणून ते हात मागे नेतात. परिणामी कोपराखालचा हात लंबरूप राहत नाही आणि आघातापूर्वीच खांदा फटक्यात ओढला जातो. काही जण त्याऐवजी ब्रिज मागे घेतात व टोक अधिक पुढे काढतात. याचा परिणाम गणिताने दाखविता येतो. मागचा हात बाजूला जितका सरकेल, त्याच्या प्रमाणात टोक विरुद्ध बाजूला सरकते, आणि हे प्रमाण टोक–ब्रिज अंतर भागिले ब्रिज–पकड अंतर इतके असते. २५ आणि १०० सेंटिमीटर ही अंतरे असता हाताच्या १ मिलिमीटर चुकीमुळे टोक पाव मिलिमीटर हलते. हीच अंतरे ३८ आणि ९२ झाली, तर टोक ०.४१ मिलिमीटर हलते. चूक दीडपटीहून अधिक वाढते, आणि लांब पल्ल्याच्या फटक्यात चेंडू पॉकेटच्या जबड्यावर आपटून परततो.

आखूड क्यूचे तोटेही लक्षात घेतले पाहिजेत. पकड क्यूच्या अगदी शेवटावर आली की टेबलावर ताणून खेळताना हात मागे घेण्यास जागा उरत नाही, आणि वजनही कमी पडते. येथे असा आक्षेप घेतला जातो की, कमी उंचीच्या खेळाडूला पोहोच कमी असल्याने त्याला लांब क्यूच हवी. हा आक्षेप अंशतः खरा आहे. सामान्य फटक्यात खेळाडू कोठवर पोहोचतो हे ब्रिजचा हात कोठे टेकतो यावर अवलंबून असते. पकडीमागचे लाकूड त्यात भर घालीत नाही. पकड मागे नेऊन ताणून खेळताना किंवा रेस्टचा उपयोग करताना मात्र जादा लांबी उपयोगी पडते. त्यासाठी जोडता येणारी एक्स्टेन्शन पुरेशी असते. थोड्या फटक्यांच्या सोयीसाठी सगळे फटके बिघडविणे योग्य नव्हे.

'सवयीने सर्व साधते' या मताविषयी

रूढ निकषाच्या विरुद्ध टोकाला आणखी एक मत आढळते. थोर खेळाडू कोणत्याही क्यूने खेळतो, तेव्हा लांबीची चर्चा व्यर्थ आहे, असे ते मत होय. पुरावा म्हणून स्टीफन हेंड्री यांचे उदाहरण दिले जाते. किशोरवयात मिळालेल्या एका स्वस्त क्यूने त्यांनी १९९० ते १९९९ या काळात सात जागतिक अजिंक्यपदे जिंकली. ती क्यू २००३ मध्ये विमानप्रवासात मोडली. या उदाहरणातून किमतीविषयीचा निष्कर्ष निघतो, लांबीविषयीचा निघत नाही. ज्या खेळाडूचे शरीर आणि तंत्र एकाच साधनाभोवती घडत गेले, त्याचे साधन त्याला अनुरूप झालेलेच असते. ज्यांना ती संधी मिळाली नाही आणि ज्यांनी खेळ सोडला, त्यांची नोंद कोठेच होत नाही. महाविद्यालयाचा संबंध मुख्यतः या दुसऱ्या वर्गाशी आहे.

भारतीय प्रौढ स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आहे. १४७ सेंटिमीटरची क्यू तिच्या जवळजवळ डोक्यापर्यंत पोहोचते. एकाच मापाच्या क्यूंचा संच खरेदी करणारा जिमखाना विद्यार्थिनींना हा खेळ त्यांचा नाही असे न बोलता सांगत असतो.

किनारपट्टीच्या संदर्भात काही सूचना

योग्य लांबी ठरविण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. गवंड्याचा ओळंबा, मोजपट्टी आणि कागदी चिकटपट्टी एवढे साहित्य पुरते. विद्यार्थ्याने कोणत्याही सरळ क्यूने आपल्या स्वाभाविक स्थितीत उभे राहावे. सहकाऱ्याने कोपराजवळ ओळंबा धरावा. टोक चेंडूला टेकलेले असताना कोपराखालचा हात ओळंब्याशी समांतर येईल अशी पकड घेऊन तेथे चिकटपट्टी लावावी. हा प्रयोग दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी दहा-दहा वेळा करून मधले माप घ्यावे. टोकापासून मुठीच्या मागच्या कडेपर्यंतच्या अंतरात चार बोटे, म्हणजे सुमारे ८ सेंटिमीटर मिळविले असता क्यूची लांबी मिळते. मुठीची अर्धी रुंदी ५ सेंटिमीटर धरल्यास वर दिलेल्या उदाहरणात पहिल्या विद्यार्थ्यास सुमारे १३० आणि दुसऱ्यास सुमारे १४२ सेंटिमीटरची क्यू लागेल. नवशिक्याची उभे राहण्याची पद्धत स्थिर होईपर्यंत, म्हणजे काही महिने, हे माप अंतिम मानू नये.

क्यू कापण्याची घाई करू नये. मागून कापल्यास जड भाग जातो, वजन घटते आणि तोल पुढे सरकतो. पुढून कापल्यास निमुळतेपणामुळे टोक जाड होते. टोकाशी ९.५ आणि मागे २९ मिलिमीटर व्यासाच्या क्यूत सरासरीने पाहता ५ सेंटिमीटर कापल्यास व्यास सुमारे ०.६६ मिलिमीटरने वाढतो, आणि चेंडूवरील स्पर्शबिंदूचा अंदाज बदलतो. म्हणून जिमखान्याने ५२, ५५ आणि ५८ इंच अशा तीन लांबींच्या क्यू ठेवणे अधिक श्रेयस्कर ठरेल.

अलिबाग-मुरूडच्या खेळाडूस आणखी दोन बाबींचा विचार करावा लागतो. पहिली बाब हवेची आहे. क्यू अ‍ॅश किंवा मेपलच्या लाकडाची असते आणि पावसाळ्यातील दमट हवेत लाकूड ओलावा शोषून वाकते. वाकलेल्या क्यूवर घेतलेले माप व्यर्थ होय. ते घेण्यापूर्वी क्यू टेबलावर लोळवून तिचा सरळपणा तपासावा. दुसरी बाब प्रवासाची आहे. स्पर्धा आणि प्रशिक्षण मुख्यतः मुंबई-पुण्याकडे असल्याने क्यू एस.टी.तून किंवा मांडव्याच्या लाँचमधून न्यावी लागते. अखंड क्यू अशा प्रवासात अडचणीची ठरते. जोड असलेली क्यू घेताना मात्र जोडामुळे तोल कोठे येतो हे पाहून मगच ती स्वीकारावी.

समारोप

हनुवटीचा आडाखा क्यू विकणाऱ्यासाठी सोयीचा आहे, कारण तो दुकानात उभ्या उभ्या वापरता येतो. शिक्षकाचे काम दुकानदाराहून वेगळे आहे. क्यूची लांबी ही खेळाडूच्या वाकलेल्या शरीरातून, त्याच्या वावेतून आणि त्याच्या फटक्यातून निघाली पाहिजे. तंत्रातील दोष विद्यार्थ्याच्या अंगी चिकटविण्यापूर्वी त्याच्या हातातील साधन त्याच्या मापाचे आहे काय, एवढे तपासणे हे क्रीडाशिक्षकाचे पहिले कर्तव्य ठरते. त्यास एक ओळंबा आणि थोडा वेळ पुरतो.