तृष्णा आणि भूक : ‘तुंबाड’च्या निमित्ताने

राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी भयपटामागे नारायण धारपांच्या भयकथेची प्रेरणा आहे. खजिन्यासाठी विनायक पुन:पुन्हा हस्तरच्या विवरात उतरतो. अखेरीस त्याचा मुलगा पांडुरंग ते सोने नाकारतो. भयाचे मूळ भुताखेतांत नसून तृष्णेत आहे, हे चित्रपट प्रभावीपणे दाखवितो. तथापि सोने मिळविलेला हस्तर धान्याकडे वळताच इतर देव त्याच्यावर तुटून पडतात. येथे हाव आणि भूक एकाच अपराधात मोजल्या गेल्या आहेत. धम्माची दृष्टी निराळी आहे. आळवी येथे तथागतांनी भुकेल्या शेतकऱ्यास प्रथम अन्न देवविले, नंतरच उपदेश केला. तृष्णेचा क्षय करावयाचा असतो. भूक भागवावयाची असते. हा भेद ध्यानी ठेवून सुज्ञांनी ही कलाकृती अवश्य पाहावी.