आठ हेन्रीचा आभास

बेस गिटारच्या पेडलसाठी घरी जोडलेल्या इक्वलायझरच्या आकृतीत सगळ्यात देखणी जागा कोणती, असं कुणी विचारलं तर मी जायरेटरवर बोट ठेवीन. एक ओपॅम्प, दोन रेझिस्टर, एक कपॅसिटर. एवढ्या ऐवजावर तो कॉइलचं काम करतो, आणि ज्या रीतीने करतो ती पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे.

आधी त्याची गरज कुठून येते ते पाहू. उरवडे गावातल्या घरातली दहा बाय दहाची खोली घ्या. दहा फूट म्हणजे 3.05 मीटर. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या स्वराची अर्धी लाट नेमकी मावते, तो स्वर तिथे फुगतो. आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटर धरला, तर तो 56 हर्ट्झच्या आसपास येतो. लांबी-रुंदी सारखीच, त्यामुळे दोन्हीकडून त्याच स्वराला बळ. आणि बेसची मोकळी ‘ए’ तार बोलते 55 हर्ट्झवर! बाकीच्या तारा नीट वाजतात, ‘ए’ छेडली की मात्र पत्र्याचं कपाट थरथरतं आणि सोबतच्या ढोलकीची थाप त्या घुमण्यात बुडते. साधा टोन कंट्रोल सगळाच खर्ज उतरवतो. इथे उतरवायचाय तो एवढाच एक पट्टा.

त्यासाठीची जुनी रीत म्हणजे कॉइल आणि कपॅसिटर एकापुढे एक जोडणं. पण 1 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरबरोबर 56 हर्ट्झ गाठायला कॉइल लागते सुमारे 8 हेन्रीची. लोखंडी गाभ्यावर हजारो वेढे, डबीत न मावणारा आकार, शिवाय जवळच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ओढून घ्यायची खोड. फिलिप्सच्या प्रयोगशाळेतल्या बर्नार्ड टेलेगेन यांनी 1948 मध्ये जायरेटरची कल्पना मांडली. आज ती टीएल072 या आठ पायांच्या आयसीच्या निम्म्या भागात उतरते.

आता आकृती वाचू. ओपॅम्पचं आउटपुट त्याच्याच उणे पिनला जोडलेलं, म्हणजे अधिक पिनवर जे येईल तेच तो बाहेर म्हणणार. येणारा सिग्नल दोन वाटांनी जातो: 68 नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून अधिक पिनकडे, आणि बाराशे ओहमच्या रेझिस्टरमधून थेट आउटपुटकडे. अधिक पिन एक लाख ओहमने ग्राउंडला बांधलेली. (नऊ व्होल्टच्या बॅटरीवर हे ग्राउंड म्हणजे दोन सारख्या रेझिस्टरनी काढलेले साडेचार व्होल्ट.) स्वर खालचा असेल तर कपॅसिटर त्याला अडवतो, आउटपुट गप्प राहतं आणि बाराशे ओहममधून करंट खुशाल वाहून जातो. स्वर वरचा असेल तर कपॅसिटर त्याला सोडतो, आउटपुट सिग्नलच्या बरोबरीने हलू लागतं, रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना एकच व्होल्टेज येतं आणि करंट थांबतो. खालच्याला वाट, वरच्याला मज्जाव: कॉइल याहून वेगळं काय करते? बाराशे गुणिले एक लाख गुणिले 68 नॅनोफॅरड, उत्तर 8.16 हेन्री.

‘मानापमान’ नाटकात नायिका भामिनीची भूमिका करणारे नारायणराव राजहंस रंगमंचावर आले की ते पुरुष आहेत हे थिएटरातल्या प्रत्येकाला ठाऊक असे, तरी समोर भामिनीच उभी राही. बाराशे ओहमच्या टोकाशी उभ्या असलेल्या सिग्नललाही आत वेढे नाहीत याचा पत्ता लागत नाही.

या जायरेटरच्या पुढे 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की 55.7 हर्ट्झभोवतीच वाट मोकळी राहते. ही शाखा पॉटच्या, म्हणजे फिरवून बदलायच्या रेझिस्टरच्या, मधल्या पायाला जाते. पॉटची दोन टोकं इक्वलायझरच्या मुख्य ओपॅम्पच्या दोन इनपुटना. एका टोकाला शाखा येणारा सिग्नल ग्राउंडला काढून देते, ‘ए’ उतरते. दुसऱ्या टोकाला ती फीडबॅक काढून देते, ‘ए’ चढते. मधोमध दोन्ही परिणाम एकमेकांना फेडतात. कापणं आणि वाढवणं यांना वेगळी सर्किटं लागत नाहीत, ही काटकसर मला फार आवडते.

पण खरी नजर ठरते ती त्या बाराशे ओहमवर. हेन्रीच्या गुणाकारात तो आहेच, आणि पट्ट्याची रुंदीही तोच ठरवतो. इथे शाखेचा क्यू, म्हणजे तिची तीक्ष्णता, 2.4 च्या जवळ येतो, म्हणजे रुंदी साधारण 23 हर्ट्झ. खालची ‘ई’ 41 वर, वरची ‘डी’ 73 वर. दोघींना झळ लागते ती ‘ए’पेक्षा कमी. हाच रेझिस्टर 470 ओहमचा केला आणि हेन्री जवळपास तेवढेच राखायला 68 च्या जागी 180 नॅनोफॅरडचा कपॅसिटर घातला, तर पट्टा बराच अरुंद होतो. घरात वाजवायच्या पेडलला मी बाराशेच ठेवीन.