कर्त्याविना क्रिया

ब्रुसेल्स येथील आंतरराष्ट्रीय संघटनांच्या संघाने १९७६ साली जगातील समस्या आणि मानवाची सुप्त शक्ती यांचा एक कोश प्रसिद्ध केला. या संघाचा पाया पॉल ओत्ले व आंरी ला फोंतेन या दोघा बेल्जियन विद्वानांनी १९०७ साली घातला होता. पुढील आवृत्त्यांत कोश वाढत गेला. १९९४-९५ च्या चौथ्या आवृत्तीचा तर एक संपूर्ण खंड केवळ उपायांना वाहिलेला आहे. मानवजात आपल्या संकटांशी कोणकोणत्या मार्गांनी झुंजते, याच्या हजारो नोंदी त्यात आहेत. अशा ग्रंथाचे परीक्षण साहित्याच्या व्यासपीठावर कशासाठी, अशी शंका कोणी घेईल. परंतु कोश हाही वाङ्मयाचा प्रकार आहे, आणि त्याची भाषा तपासणे हे समीक्षेचेच काम होय.

प्रथम त्याचे गुण सांगितले पाहिजेत. हा कोश उपायांना सुटे सुटे मांडून थांबत नाही. एक उपाय दुसऱ्यास कोठे पोषक ठरतो आणि कोठे अडसर होतो, हेही तो नोंदवितो. अनेक नोंदींत दाव्याशेजारी प्रतिदावा दिलेला आहे. एकच रामबाण औषध हाती घेऊन जगाचा उद्धार करावयास निघालेल्यांना यातून मिळणारा विनयाचा धडा मोलाचा आहे.

तथापि त्या नोंदींच्या शीर्षकांकडे व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले की एक गोष्ट खटकते. त्यांची ठरीव घडण मराठीत आणावयाची तर 'पाणी शुद्ध राखणे', 'दारिद्र्य कमी करणे' अशी आणावी लागेल. ही धातुसाधित नामे आहेत. त्यांना ना पुरुष, ना वचन, ना काळ. कोणी करावयाचे आणि कधी, हे शीर्षकातून कळत नाही. देशोदेशी कर्ता निराळा असल्यामुळे जागतिक कोशाला हे अटळ आहे, असे समर्थन करता येईल, आणि ते काही अंशी खरेही आहे. पण जेथे कर्ता नाही तेथे जबाबदारीही नाही, हा परिणाम त्या समर्थनाने टळत नाही.

याच्या शेजारी महात्मा फुले यांचा १८८३ साली पूर्ण झालेला 'शेतकऱ्याचा असूड' ठेवून पाहावा. बडोद्यास सयाजीराव महाराजांना लेखकाने तो वाचून दाखविला होता. त्याच्या अखेरच्या प्रकरणात उपायांची यादीच आहे. परंतु तेथे 'बंधारे बांधणे' असे नुसते नाम येत नाही. सरकारने लष्करातील व पोलीस खात्यातील रिकाम्या शिपायांकडून ताली-बंधारे घालवून घ्यावेत, असे जोतीराव सांगतात. करविणारा कोण, राबणारे कोण आणि मुरलेले पाणी कोणाच्या शेतात जावयाचे, हे वाचकाला नीट कळते. या यादीला मर्यादा नाही असे नव्हे. तिच्यातील कर्ता बहुधा सरकार हाच आहे, आणि कर्त्याचे नाव घेतल्याने तो कामाला लागतोच असेही नाही. पण नाव घेतले म्हणजे निदान त्याला जाब विचारता येतो. आसुडाची धार त्यातच आहे.

या भेदाची कसोटी आमच्या सुरतेने पाहिली आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये येथे प्लेगची साथ आली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. गोडादरा-लिंबायत या भागांत खानदेशातून पोटासाठी आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. या पट्ट्यात त्या दिवसांची आठवण अजून निघते. त्या वेळी कोणता उपाय अज्ञात होता? कचरा उचलावा, गटारे वाहती ठेवावीत, उंदरांचा बंदोबस्त करावा, हे मुंबईच्या १८९६ च्या साथीपासून सर्वांना ठाऊक होते. यादी होती, कर्ता नव्हता. १९९५ साली सू. रा. राव हे महापालिकेचे आयुक्त झाले. त्यांनी शहराचे सहा विभाग करून प्रत्येकाच्या अधिकाऱ्यास अधिकार दिले, आणि त्या अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरावयास लावले. १९९६ साली हेच शहर देशातील दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर गणले गेले. या अवधीत उपायांच्या यादीत नव्याने भर पडली ती फारशी नाही. प्रत्येक उपायापुढे एक नाव लिहिले गेले, एवढेच. अर्थात अधिकारी हा एकच कर्ता नव्हे. झाडू हाती धरणाऱ्या कामगाराचे नाव अशा कथांत क्वचितच येते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

ब्रुसेल्सचा कोश टाकाऊ आहे, असा याचा अर्थ नाही. तो संदर्भासाठी आहे, आणि त्या कामी तो उपयुक्तच आहे. धोका आहे तो त्याची भाषा आपली भाषा होण्यात. आमच्या शाळांतील निबंध पाहावेत. विषय प्रदूषणाचा असो वा व्यसनांचा, शेवटच्या परिच्छेदात 'जनजागृती करणे', 'वृक्षारोपण करणे', 'कायद्याची अंमलबजावणी करणे' अशी नामांची रांग लागते, आणि आपण तिला गुण देतो. अशाने विद्यार्थी उपायांचे पाठांतर शिकतो. आपण त्या वाक्यात कोठे उभे आहोत, हे शिकत नाही. शिक्षकाने अशा प्रत्येक 'करणे'पुढे तांबड्या शाईने 'कोणी?' एवढा एक शब्द लिहावा. उत्तर देताना मुलाला वाक्य पूर्ण करावे लागेल, आणि कधी तरी त्या वाक्याचा कर्ता 'मी' किंवा 'आम्ही' असा निघेल.