हुकूमशाही ओळखण्याचे निकष कोणाचे?

एखादी राजवट लोकशाहीची की हुकूमशाहीची, हे ठरविण्याचे निकष आपल्या पाठ्यपुस्तकांनी पक्के करून टाकले आहेत. ठराविक मुदतीने निवडणुका, विरोधी पक्ष, मुक्त वृत्तपत्रे, स्वतंत्र न्यायालये. मीही वर्गात हेच शिकवतो. कॉलेजची पायरी चढलेला मी आमच्या घरातला पहिलाच. त्यामुळे छापलेले ते खरे, असे मानण्याची सवय जडली होती. एकदा आणीबाणीवर बोलत असताना मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, "सर, आणीबाणी उठल्यावर आमच्या वस्तीत काय बदललं?" मला उत्तर देता आले नाही.

रूढ निकषांचा हिशेब सोपा आहे. २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ ही हुकूमशाही, अलीकडे-पलीकडे लोकशाही. पण २५ डिसेंबर १९६८ रोजी तंजावर जिल्ह्यातील कीळवेणमणी येथे ४४ दलितांना झोपडीत जाळण्यात आले, तेव्हा लोकशाहीच होती. १९७३ मध्ये त्यातील जमीनदार उच्च न्यायालयातून निर्दोष सुटले, तेव्हा न्यायालयेही स्वतंत्र होती. आणीबाणी उठून दोन महिने होतात न होतात तोच, २७ मे १९७७ रोजी बिहारमधील बेलछी येथे ११ जणांना मारून जाळले. त्यांतले बहुसंख्य दलित. २७ जुलै १९७८ रोजी निवडून आलेल्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि दलित वस्त्या पेटल्या. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. राजधानीत लोकशाही असते तेव्हा गावकुसाबाहेर काय असते, हे या निकषांना दिसतच नाही.

मग आपल्याला आणीबाणी काय वाईट होती, असे म्हणणारे आपल्यातही होते. वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ चा. अस्पृश्यता गुन्हा कायदा कडक होऊन नागरी हक्क संरक्षण कायदा झाला, तोही त्याच वर्षी. हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी निकाल दिला, की आणीबाणीत अटकेविरुद्ध जगण्याच्या हक्कासाठीही न्यायालयात दाद मागता येणार नाही. एकट्या न्या. खन्नांनी विरोध नोंदविला. ज्याच्यापाशी जमीन नाही, जात नाही, फक्त कायदा आहे, त्याचा कायदाच काढून घेतल्यावर उरते काय? १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. सक्ती कोणावर झाली? मुख्यतः गरिबांवर. वृत्तपत्रांवर नियंत्रण असल्याने त्यांचा आक्रोश छापलाही गेला नाही. कृपेने मिळालेला कायदा हक्क ठरत नाही; तो न मिळाल्यास जाब विचारता आला पाहिजे.

म्हणून मला बाबासाहेबांचे २२ डिसेंबर १९५२ चे पुण्यातील भाषण महत्त्वाचे वाटते. लोकशाहीच्या यशासाठी त्यांनी अटी सांगितल्या: समाजात भीषण विषमता नको, विरोधी पक्ष हवा, कायद्यात आणि कारभारातही समानता हवी, संविधानिक नीती हवी, बहुसंख्याकांची अल्पसंख्याकांवर दडपशाही नको, समाजाला नीतीचे अधिष्ठान हवे, आणि लोकांची सदसद्विवेकबुद्धी जागी हवी, म्हणजे अन्याय ज्याच्यावर झालेला नाही त्यानेही पुढे यावे. पाठ्यपुस्तकांनी यातील विरोधी पक्ष उचलला आणि विषमता सोडून दिली. शेवटची अट तर परीक्षेतही येत नाही. बेलछीला ती अट कोणी पाळली, नामांतराच्या लढ्यात कोणी पाळली, हे मोजले तर या देशाच्या लोकशाहीचे खरे गुण कळतील.

तेव्हा कोणत्याही राजवटीला दोन प्रश्न विचारावेत. तिला न घाबरता जाब विचारता येतो काय? आणि तिचा कायदा शेवटच्या वस्तीपर्यंत पोचतो काय? पहिल्याला नकार आला तर ती हुकूमशाही. फक्त दुसऱ्याला नकार आला तर ती अर्ध्या समाजाची लोकशाही. त्या मुलाला आज मी सांगेन: आणीबाणी उठल्यावर तुझा हा प्रश्न उघडपणे विचारण्याचा हक्क परत आला. वस्तीतली आणीबाणी उठायची आहे. आणि ती याच हक्काने उठवावी लागेल.