संग्रहालय कोणाचे, दिनदर्शिका कोणाची?

स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयांनी लोकांत उतरावे, असे आता सर्वत्र म्हटले जाते. शाळांच्या सहली, वारसा-फेऱ्या, चित्रकला स्पर्धा, व्याख्याने असे उपक्रम होऊ लागले आहेत. हे स्वागतार्ह आहे. परंतु लोकांना आत बोलावणे वेगळे आणि लोकांचा इतिहास आत घेणे वेगळे. बोलावलेला माणूस प्रेक्षक असतो. ज्याचा इतिहास आत घेतला, तो साक्षीदार होतो. प्रत्येक उपक्रमाची समीक्षा याच कसोटीवर झाली पाहिजे.

सोलापूरचे उदाहरण घेऊ. चीनमध्ये रुग्णसेवा करताना 1942 साली मरण पावलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे जन्मघर या शहराने स्मारक म्हणून जपले आहे. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांचे स्मरणही ते करते. हे योग्यच आहे. पण ज्या कापडावर हे शहर उभे राहिले, त्या कापडामागे राबलेल्या माणसांचे काय? अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल विणणारा यंत्रमाग कामगार आणि पूर्वभागात विड्या वळणारी बाई यांना संग्रहालयात कोणती जागा आहे?

उद्या या औद्योगिक वसाहतीत संग्रहालय उभे राहिले, तर माग मांडला जाईल, धोटा काचेत ठेवला जाईल आणि खाली चिठ्ठी असेल : 'विणकामाचे साधन'. ही चिठ्ठी खोटी नसेल, अपुरी असेल. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यात नवी कांडी घातली की तिचे सूत विणकर तोंडाने ओढून घेत असे. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा आपल्या ओठाला कसा लावायचा, या सवर्ण कामगारांच्या सोवळ्यापायी जास्त मजुरीच्या विणकाम खात्याची दारे अस्पृश्यांना बंद राहिली. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. जात गिरणीच्या दारात थांबली नव्हती. ती धोट्यापर्यंत पोहोचली होती. हे सांगणारा माणूस शेजारी उभा केल्याखेरीज काचेतला धोटा मुकाच राहणार.

हे अशक्य नाही. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनमधील 'डिस्ट्रिक्ट सिक्स' ही वस्ती 1966 मध्ये गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाली आणि 60,000 हून अधिक माणसे तेथून हुसकली गेली. 1994 मध्ये तेथे संग्रहालय उघडले. त्याच्या जमिनीवर जुन्या वस्तीचा नकाशा अंथरला आणि हुसकलेल्या माणसांनी आपापल्या घराच्या जागी आपली नावे लिहिली. तिथला कार्यक्रम म्हणजे इतिहासाला जोडलेली करमणूक नव्हे. इतिहास लिहिण्याचेच काम कार्यक्रमात होते.

सोलापुरात असे लिहिण्याजोगे दिवस थोडे नाहीत. 1871 च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना येथील सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवले गेले, त्यांच्याकडून हजेरी घेतली गेली. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला. त्या दिवशी सेटलमेंटमधल्या माणसांच्या नातवंडांनी संग्रहालयात बोलावे.

आणि 18 मे. हा जागतिक संग्रहालय दिन. 2025 साली याच तारखेच्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याला आग लागली. मालकाच्या कुटुंबातली माणसे आणि कामगार मिळून आठ जण मेले. यापुढे सोलापुरात संग्रहालय दिन साजरा करताना या आठ जणांना वगळून करता येईल काय? वगळला, तर तो दिवस कोणाचा?

इमारत होईल तेव्हा होईल. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी तोवर थांबू नये. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी मी पहिल्यांदा चढलो. माझ्या वर्गातल्या पुष्कळ मुलामुलींचीही तीच गत आहे. त्यांच्या घरी कामाची हजेरी-कार्डे असतील, विडीची कात्री असेल, संपाच्या आठवणी असतील. त्यांनी वही घ्यावी, आजीला विचारावे, तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि तिचे नाव विसरू नये. मग संग्रहालयाच्या चालकांना आपण सांगू शकू : वस्तू आम्ही आणतो, चिठ्ठीही आम्हीच लिहितो.