आजीची चव, नातीला फ्राइज

गेल्या दहाएक वर्षांत मुंबई-पुण्यातल्या महाग रेस्टॉरंटांमध्ये एक चांगली गोष्ट घडली. त्याआधी 'चांगल्या हॉटेलात जाऊ' याचा अर्थ पंजाबी, चायनीज किंवा इटालियन असा होता. आपल्याकडचं जेवण हवं असेल तर घरी थांबा नाहीतर खानावळीत जा. मग २०१५ मध्ये लोअर परळच्या कमला मिल्समध्ये 'द बॉम्बे कँटीन' सुरू झालं, २०१६ मध्ये महालक्ष्मीला 'मास्क', २०१७ मध्ये बीकेसीत गोव्याच्या जेवणावर उभं राहिलेलं 'ओ पेद्रो'. त्यांच्यामागून अनेक आले. इथल्या मातीतल्या, इथल्या ऋतूंमधल्या जिनसा महागड्या टेबलावर आल्या. आता पुण्यातही मेन्यूकार्डावर नाचणी, अंबाडी, अळू, कोकम, त्रिफळ ही नावं दिसतात, आणि बऱ्याच पदार्थांमागे एक आजी असते. कधी शेफची, कधी मालकाची. तिच्या पाट्यावरवंट्याची गोष्ट दोन ओळींत छापलेली असते.

या आजीबद्दल माझी काही तक्रार नाही. तिच्यामुळे मी अंबाडीच्या भाजीला आणि तिरफळं घातलेल्या बांगड्याला वीकेंडचे पैसे आनंदाने दिले आहेत. तक्रार आहे ती टेबलावर आमची साडेतीन वर्षांची मुलगी बसली की काय होतं याबद्दल. दुसरं कार्ड येतं. लॅमिनेट केलेलं, कोपऱ्यात जिराफ. फ्रेंच फ्राइज, चिकन नगेट्स, चीज पिझ्झा, व्हाइट सॉस पास्ता. आजी गायब.

नावं घेत नाही, कारण हे एका हॉटेलाचं दुखणं नाही. सन्माननीय अपवाद असतील, असोतच. पण नियम हाच आहे: जे रेस्टॉरंट पिढ्यान् पिढ्या चालत आलेली चव विकतं, ते टेबलावर बसलेल्या पुढच्या पिढीला फ्रीजरमधली पिशवी फोडून देतं. मला हा किरकोळ गैरसोयीचा मुद्दा वाटत नाही. त्या रेस्टॉरंटच्या सगळ्या गोष्टीचा खरेपणा इथे तपासता येतो.

मुलांसाठी वेगळं कार्ड ही मुळात आपली कल्पना नाही. अमेरिकेत १९२० साली दारूबंदी आली, हॉटेलांची मोठी कमाई बुडाली आणि तोवर नकोसं असलेलं एक गिऱ्हाईक त्यांना अचानक आवडू लागलं: मूल. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अॅस्टोरियाने १९२१ मध्ये मुलांचा वेगळा मेन्यू काढला. त्यात काय असावं यावर ल्यूथर एमेट होल्ट या बालरोगतज्ज्ञाच्या पुस्तकाची छाप होती. १८९४ सालच्या त्या पुस्तकाने दोन-तीन पिढ्यांच्या अमेरिकन आयांना शिकवलं होतं की मुलांचं खाणं साधं, मऊ आणि शक्य तितकं बेचव असावं. पुढे उकडलेल्या भाताच्या जागी तळलेले बटाटे आले. मुलाची जीभ वेगळी, म्हणून त्याचं कार्ड वेगळं, हे गृहीतक मात्र तसंच राहिलं.

याच सुमारास दुसरीकडे वेगळा विचार झाला. टोकियोच्या मित्सुकोशी डिपार्टमेंट स्टोअरने १९३० मध्ये मुलांसाठी एक ताटली काढली: अनेक पदार्थांचे छोटे छोटे वाटे आणि भाताच्या डोंगरावर खोवलेला इवलासा झेंडा. 'ओकोसामा लंच' म्हणून ती कल्पना जपानभर पसरली. झेंडा पाहून मूल खूश, आणि ताटलीत चार चवी. गंमत आणि जेवण यांचं भांडण नसतं, हे त्या ताटलीला कळलं होतं.

आपल्याकडे तर हा प्रश्नच नव्हता. सहाव्या महिन्यात उष्टावण होतं आणि वर्षभरात मूल घरच्याच ताटाशी येऊन बसतं. त्याच्यासाठी भात मऊ कालवायचा, वरणाला फोडणी घालण्याआधी एक वाटी बाजूला काढायची, भाकरीचा पापुद्रा दुधात कुस्करायचा. स्वयंपाक एकच, फक्त तिखट पडण्याआधी त्यातून एक वाट काढलेली. विज्ञानही याच्या आड येत नाही. ज्युली मेनेला या संशोधिकेच्या २००१ सालच्या प्रयोगात काही बायकांनी गरोदरपणात, तर काहींनी अंगावर पाजताना नियमित गाजराचा रस घेतला. त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीची पेज इतर बाळांच्या मानाने कमी तोंडं वाकडी करत खाल्ली. म्हणजे चव ओळखीने येते. ओळखच करून दिली नाही, तर 'मुलांना हेच आवडतं' हे वाक्य आपोआप खरं ठरतं.

मग रेस्टॉरंट असं का करतं? दुष्टपणाने नाही, सोयीने. फ्राइज आणि नगेट्स गोठवलेले येतात, महिनोन् महिने टिकतात, एकाच फ्रायरमध्ये चार मिनिटांत होतात आणि परत पाठवले जात नाहीत. तिकडे त्याच किचनमध्ये कोणीतरी तास दीड तास वाटणावर राबत असतं. त्याला मध्येच 'एक बिनतिखट' सांगितलं की ताल चुकतो. शिवाय हिशोब खुर्चीमागे किती बिल होतं याचा असतो. मूल खुर्ची अडवतं, पण दारू पीत नाही आणि तिसरा कोर्स मागवत नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला 'एज केस' म्हणतात: क्वचित येणारी भानगड, जिच्यासाठी मुख्य रचना बदलायची नाही, वरून एक ठिगळ लावायचं. किड्स मेन्यू हे ठिगळ आहे. फरक एवढाच, की शनिवार-रविवार दुपारी निम्म्या टेबलांवर मुलं दिसतात. त्याला एज केस म्हणत नाहीत.

इथे 'आपली जुनी हॉटेलंच बरी' असं म्हणून उसासा टाकणं सोपं आहे. काही बाबतींत ती बरी होतीच. उडप्याकडे मुलाला वेगळं कार्ड मिळत नाही. इडली इडलीच असते, सांबार वेगळ्या वाटीत मागता येतं आणि बशीत ओतून गार करून देणारा वेटर भेटतो. थाळीवाल्यांकडे मुलांचा दर कमी असतो आणि ताटातले पदार्थ तेच. पण ही सगळी माया सरसकट नव्हती. इराणी आणि उडपी हॉटेलांत बायका-मुलांसाठी 'फॅमिली रूम' असायची, कधी माळ्यावर, कधी पडद्याआड; म्हणजे बाहेरची जागा पुरुषांची हे ठरलेलंच. घरच्या पंगतीतही मुलांना आणि पुरुषांना आधी वाढलं जायचं आणि बायकांची पंगत शेवटी, गार भातावर.

ती शेवटची पंगत आजच्या महाग रेस्टॉरंटमध्येही बसते. वाइन लिस्ट माझ्या हातात येते, जिराफाचं कार्ड बायकोच्या हातात. न विचारता, दर वेळी. हाय चेअर तिच्या बाजूला लावली जाते. डायपर बदलायची फळी असलीच तर ती लेडीज टॉयलेटमध्ये. पुरुषांच्या बाजूला कोणाला तिची गरज पडेल असं आर्किटेक्टला वाटलेलं नसतं. जेवण एकदम येतं, मुलीचं मात्र सर्वांत शेवटी, आणि ते भरवेपर्यंत दोघांपैकी एकाचा मासा गार होतो. कोणाचा, हे रेस्टॉरंटने मांडणीतूनच सुचवलेलं असतं. आम्ही जागा बदलून बसतो, कार्ड मधे ठेवतो. पण ते आम्ही करतो, रेस्टॉरंट नाही.

याहून अवघड दृश्य मुंबईत रविवारी दुपारी दिसतं. आईवडील जेवतायत, टेबलाच्या टोकाला मुलाला सांभाळणाऱ्या मावशी बसल्यात, किंवा मुलाला घेऊन बाहेर फेऱ्या मारतायत. फ्राइज त्याच भरवतात. त्यांच्यापुढे ताटली नसते. असलाच तर पाण्याचा ग्लास. वेटर ऑर्डर घेताना त्यांना वगळून पुढे जातो, आणि टेबलावरचं कोणी त्याला थांबवत नाही. मेन्यूत गावाकडच्या बाईच्या हातच्या चवीचं कौतुक छापलेलं आणि टेबलाशी बसलेल्या गावाकडच्या बाईला कोणी विचारत नाही. हे सगळं ते मूल बघत असतं. चवीबरोबर कोणाला वाढायचं आणि कोणाला नाही, हेही मूल टेबलावरच शिकतं. किंबहुना ते लवकर शिकतं.

म्हणून सगळा दोष हॉटेलवाल्यांचा असं म्हणून सुटका नाही. खवय्या पालकांची म्हणून एक जमात झाली आहे आणि तिची दोन टोकं तितकीच त्रासदायक आहेत. एका टोकाला ग्लासला टेकवलेला फोन, त्यावर कार्टून, आणि मूल न बघता तोंड उघडतंय. दुसऱ्या टोकाला 'आमचा पिल्लू वासाबी खातो' अशी रील. तिथे मुलाची जीभ ही आईबापांच्या हुद्द्याची पावती होते. पहिल्या मुलाला जेवण दिसत नाही आणि दुसऱ्याला नको म्हणायची मुभा नाही. चव शिकणं म्हणजे चाखून थुंकण्याची मोकळीकही असणं.

शेजारच्या टेबलाचीही बाजू आहे. लग्नाच्या वाढदिवसाला काही हजार मोजून आलेल्या जोडप्याने आमच्या पोरीचं रडणं का ऐकावं? ऐकू नये. दहा-बारा कोर्सचा, तीन तास चालणारा टेस्टिंग मेन्यू लहान मुलासाठी नसतोच. तिथे बुकिंग करतानाच 'मुलं नकोत' असं स्वच्छ सांगावं. असा नकार मला अपमानाचा वाटत नाही. मूल रडलं तर त्याला घेऊन बाहेर जाणं हे पालकांचं काम, आणि त्यात चर्चेला जागा नाही. पण दारावर 'फॅमिली फ्रेंडली' म्हणायचं आणि आत किचनच्या दाराशी हाय चेअर लावून जिराफ हातात द्यायचा, हे अर्धवट स्वागत नकारापेक्षा वाईट.

करता येण्यासारखं बरंच आहे आणि त्याला फार पैसे पडत नाहीत. वाटणात तिखट मुरलं असेल तर ते काढता येत नाही, हे मान्य. पण प्रत्येक मराठी, गोवन किंवा मालवणी किचनमध्ये तिखट पडण्याआधीच्या चार-पाच गोष्टी असतात: भाकरी आणि लोणी, तूप-मेतकूट-भात, बिनमिरचीची सोलकढी, नुसतं मीठ-हळद लावून तव्यावर परतलेला मासा, गोडं वरण. त्यांच्या अर्ध्या वाट्या ठेवा. बसल्यापासून पाच मिनिटांत मुलापुढे काहीतरी येऊ द्या, मग ती काकडीची फोड का असेना. भुकेलं मूल ओरडतं, जेवणारं मूल ओरडत नाही. मुंबईतल्या बऱ्याच ठिकाणी रात्री दोन पाळ्या असतात, पहिली सातची. आठवड्याच्या मधल्या वारी सातला अर्धी टेबलं रिकामी असतात आणि मुलं साडेआठला पेंगतात. ही जोडी जमण्यासारखी आहे. आणि कार्ड, कुठलंही असो, टेबलाच्या मधोमध ठेवा.

हे सगळं आजवर कोणी विचारलं नाही, याला खाण्याबद्दल लिहिणारेही जबाबदार आहेत. आपल्याकडची परीक्षणं आणि रील्स वाचा-बघा. प्लेटिंग, अँबियन्स, कॉकटेल, 'पैसा वसूल' की नाही. त्यांतला जेवणारा माणूस नेहमी सडाफटिंग असतो: मांडीवर कोणी नाही, घरी परतायची घाई नाही, दोन्ही हात मोकळे. हाय चेअर कुठे लावतात, सोबत आलेल्या मावशींना मेन्यू मिळतो का, टेबलावरच्या सर्वांत लहान माणसाला काय वाढलं, हे परीक्षणात येत नाही. खरं तर सजवलेल्या प्लेटपेक्षा या तीन गोष्टींतून रेस्टॉरंट जास्त कळतं. कारण प्लेट परीक्षकाला दाखवण्यासाठी असते. या गोष्टी कोणी बघत नाही असं समजून केलेल्या असतात.

आणि हिशोबाच्या भाषेतच बोलायचं तर, त्रिफळाची चव कशी असते हे आज ज्या मुलीला कोणी चाखवलंच नाही, ती पंचवीस वर्षांनी त्यासाठी पैसे का मोजेल? आजच्या शेफला आजीची आठवण येते, कारण कुणीतरी त्याला लहानपणी स्वयंपाकघरात शेजारी बसवून भाकरीचा तुकडा हातावर ठेवला होता. तो तुकडा पुढे दिला नाही, तर २०५० च्या एखाद्या महागड्या रेस्टॉरंटमध्ये 'बालपणीची चव' या मथळ्याखाली काय येईल ते दिसतंच आहे. फ्राइज. सोबत दोन ओळींची गोष्ट, आणि कोपऱ्यात जिराफ.